शितावरून भाताची परीक्षा? नवख्या क्वार्टरबॅकच्या पहिल्या सामन्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्या संघाने महाविद्यालयातून नुकत्याच आलेल्या तरुणाच्या हाती चेंडू सोपवला की पहिल्या दोन-तीन रविवारांतच घराघरांत दोन पक्ष पडतात. एका पक्षाला तो तारणहार वाटतो आणि दुसऱ्याला तो वाया गेलेला ड्राफ्टचा, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीचा, क्रमांक वाटतो. न्यू जर्सी, टेक्सास, शिकागो अशा ठिकाणी राहून अमेरिकी फुटबॉलची गोडी लागलेले मराठी प्रेक्षक हाच वाद आता मराठीत घालतात. त्या वादात पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची आमच्या परीने दिलेली उत्तरे येथे मांडली आहेत.

क्वार्टरबॅक म्हणजे नेमका कोण, आणि सगळी चर्चा त्याच्याभोवतीच का फिरते?

मैदानावर एका बाजूचे अकरा गडी असतात आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे असते. यातील जवळपास प्रत्येक प्रयत्नात चेंडू प्रथम क्वार्टरबॅकच्या हाती येतो. तो पास टाकायचा, धावणाऱ्या गड्याकडे द्यायचा की स्वतः घेऊन पळायचे, हे त्याला ठरवावे लागते. 1994 पासून त्याच्या शिरस्त्राणात रेडिओ असतो आणि प्रशिक्षकाची सूचना त्याला कानात ऐकू येते. मात्र चाळीस सेकंदांच्या घड्याळात पंधरा सेकंद उरले की हा रेडिओ आपोआप बंद पडतो. समोरच्या बचावाने त्यानंतर जागा बदलल्या तर त्याचा अर्थ लावायला तो एकटाच असतो. चेंडू हाती आल्यावर तर पास सोडायला त्याला साधारण अडीच ते तीन सेकंदच मिळतात. नवख्याची खरी परीक्षा या पंधरा अधिक तीन सेकंदांत होते, आणि दूरचित्रवाणीवर नेमका हाच भाग सर्वांत कमी दिसतो.

पहिल्या काही सामन्यांतील जय-पराजयावरून काही ठरवता येते का?

जवळजवळ काहीच ठरवता येत नाही, आणि याला 1998 सालाइतका बोलका दाखला दुसरा नाही. त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर इंडियानापोलिस कोल्ट्सने पेटन मॅनिंगला घेतले, तर दुसऱ्या क्रमांकावर सॅन डिएगो चार्जर्सने रायन लीफला. दोघांपैकी सरस कोण यावर त्या काळी जाणकारांतही एकमत नव्हते. हंगाम सुरू झाल्यावर लीफच्या संघाने पहिले दोन्ही सामने जिंकले आणि मॅनिंगचा संघ पहिले चारही हरला. मॅनिंगने पहिल्याच सामन्यात तीन पास विरोधकांच्या हाती दिले. पाचव्या आठवड्यात हे दोन संघ समोरासमोर आले, तेव्हा कोल्ट्सने 17-12 अशी बाजी मारली. तो मॅनिंगच्या कारकिर्दीतील पहिला विजय होता. तरीही कोल्ट्सने तो हंगाम 3 विजय आणि 13 पराभवांवरच संपवला. पुढच्या वर्षी त्याच संघाने 13 सामने जिंकले आणि केवळ 3 गमावले. लीफ मात्र 2002 चा हंगाम सुरू होण्याआधीच या खेळातून बाहेर पडला होता.

डॅलसचा ट्रॉय एकमन 1989 मध्ये आपल्या पहिल्या हंगामात सुरुवातीपासून खेळलेले अकराच्या अकरा सामने हरला. त्या वर्षी काऊबॉईजना मिळालेला एकमेव विजयही दुसऱ्याच क्वार्टरबॅकच्या हातून आला होता. हाच एकमन पुढे तीन सुपर बोल, म्हणजे विजेतेपदाचे अंतिम सामने, जिंकला. याच्या अगदी उलट उदाहरण पिट्सबर्गच्या बेन रॉथलिसबर्गरचे आहे. 2004 मध्ये साखळी सामन्यांत त्याने सुरुवात केलेले तेराही सामने संघाने जिंकले. पण त्या संघाचा बचाव एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये सर्वांत भक्कम होता आणि नवख्यावर पासचा फारसा भार टाकला जात नव्हता. संबंध हंगामात त्याने जेमतेम 295 पास टाकले. रॉथलिसबर्गर पुढे थोर ठरलाच, परंतु ते तेरा विजय तो थोर असल्याचा पुरावा नव्हते. ते पिट्सबर्ग हा चांगला संघ असल्याचा पुरावा होते.

मग पासर रेटिंग हा आकडा तरी भरवशाचा मानावा का?

हा आकडा 1973 पासून लीगमध्ये वापरला जातो. त्यात चार गोष्टी मोजल्या जातात: पूर्ण झालेल्या पासांचे प्रमाण, प्रत्येक पासमागे मिळालेले यार्ड, टचडाउनचे, म्हणजे चेंडू विरोधकाच्या टोकाच्या पट्ट्यात पोहोचवून गुण मिळवण्याचे, प्रमाण आणि इंटरसेप्शनचे, म्हणजे विरोधकाने झेललेल्या पासांचे, प्रमाण. प्रत्येक घटकाला किमान शून्य आणि कमाल 2.375 गुण असतात. चारही घटकांची बेरीज करून सहाने भागतात आणि शंभराने गुणतात, म्हणून कमाल आकडा 158.3 येतो. सॅक (पास सुटण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडले जाणे), पायांनी काढलेले यार्ड, हातातून निसटलेला चेंडू यांपैकी कशाचीही दखल या हिशेबात घेतली जात नाही.

या सूत्राचा विचित्रपणा एका उदाहरणावरून लक्षात येईल. एखाद्याने दिवसभर प्रत्येक पास मुद्दाम जमिनीवर आपटला, तर त्याचे यार्ड शून्य आणि टचडाउन शून्य असतील. पण विरोधकाला काहीच न मिळाल्यामुळे चौथ्या घटकाचे पूर्ण गुण त्याच्या पदरात पडतील आणि त्याचे रेटिंग 39.6 येईल. आता लीफचा तिसरा सामना पाहा. कॅन्सस सिटीत त्याने 15 पैकी 1 पास पूर्ण केला, 4 यार्ड मिळवले आणि 2 पास विरोधकांच्या हाती दिले. रेटिंग आले शून्य. याचा अर्थ, त्या दिवशी त्याने प्रत्येक चेंडू जमिनीवर आपटला असता तर कागदावर तो अधिक चांगला दिसला असता!

न्यू यॉर्क जायंट्सच्या ईलाय मॅनिंगचा, म्हणजे पेटनच्या धाकट्या भावाचा, डिसेंबर 2004 मधील बाल्टिमोरचा सामनाही असाच होता. 18 पैकी 4 पास, 27 यार्ड, 2 इंटरसेप्शन, आणि रेटिंग पुन्हा शून्य. त्या वेळी तो चारच सामन्यांचा क्वार्टरबॅक होता आणि त्या चारपैकी एकही त्याने जिंकला नव्हता.

एक शून्य लीफचे आणि एक शून्य ईलायचे. मग फरक कसा ओळखायचा?

आमच्या मते साऱ्या विषयाचा गाभा याच प्रश्नात आहे, म्हणून येथे थोडे थांबू.

त्या शून्यानंतरच्या आठवड्यात ईलायने पिट्सबर्गच्या त्याच भक्कम बचावापुढे 23 पैकी 16 पास पूर्ण करून दोन टचडाउन दिले. सामना 33-30 असा हातचा गेला, पण शेवटपर्यंत चुरशीचा झाला. हंगामाच्या अखेरच्या सामन्यात त्याने डॅलसला 28-24 असे हरवले. बाल्टिमोरमध्ये तो घाईघाईने आणि चुकीच्या दिशेला पास टाकत होता. पुढच्या तीन आठवड्यांत तो गोंधळ कमी होत गेला आणि चेंडू वेळेवर हातातून बाहेर पडू लागला. लीफच्या बाबतीत मात्र तशी सुधारणा दिसली नाही. त्या हंगामात त्याने केवळ 2 टचडाउन दिले आणि तब्बल 15 इंटरसेप्शन, आणि उत्तरार्धात त्याला बाकावर बसावे लागले.

म्हणून पाहायचे ते एवढेच की तीच चूक पुन्हा होते आहे का. नवखा चुकणारच. पण एका रविवारी एका सापळ्यात सापडलेला तरुण तिसऱ्या रविवारी तोच सापळा ओळखून चेंडू दुसरीकडे देत असेल, तर त्याचे आकडे वाईट असले तरी तो शिकतो आहे. तिसऱ्या रविवारीही त्याच जागी त्याच तऱ्हेने चेंडू जात असेल, तर संघ जिंकत असला तरी काळजी करावी.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगायला हवी. हा फरक आज आपल्याला इतका स्पष्ट दिसतो, कारण ईलायने पुढे दोन सुपर बोल जिंकले हे आपल्याला ठाऊक आहे. बाल्टिमोरच्या रात्री घरी परतलेल्या जायंट्सच्या चाहत्याला त्यातले काहीच ठाऊक नव्हते. कर्ट वॉर्नरसारख्या मुरलेल्या गड्याच्या हाताखाली 5 विजय आणि 4 पराभव अशा स्थितीत असलेला संघ एका पोरासाठी पाण्यात घातला, असे त्याला वाटले असेल तर तो वेडा नव्हता.

इंटरसेप्शन किती झाली की धोक्याची घंटा समजावी?

अशी ठरावीक संख्या नाही. पेटन मॅनिंगची पहिल्या हंगामातील 28 इंटरसेप्शन हा नवख्यांमधील नकोसा विक्रम आहे. त्याच हंगामात त्याने 26 टचडाउनही दिले होते, हे सहसा कोणी सांगत नाही. संख्येपेक्षा प्रकार पाहावा. रिसीव्हरच्या, म्हणजे पास झेलणाऱ्या गड्याच्या, हाताला लागून उडालेला चेंडू, तिसऱ्या प्रयत्नात पिछाडी भरून काढण्यासाठी लांबवर फेकलेला पास आणि मैदानाच्या मधोमध उभा असलेला बचावपटू मुळात दिसलाच नाही म्हणून त्याच्याच हाती दिलेला पास, या तिन्हींची नोंद तक्त्यात सारखीच होते. दोष मात्र पहिल्यात क्वार्टरबॅकचा नसतो, दुसऱ्यात थोडा असतो आणि तिसऱ्यात पूर्ण असतो.

सॅम डार्नल्डने तर 2018 मध्ये जेट्सकडून टाकलेला कारकिर्दीतील पहिलाच पास विरोधकाने झेलला आणि थेट टचडाउनपर्यंत नेला. तो सामना जेट्सनी 48-17 असा जिंकला. पुढच्या वर्षी न्यू इंग्लंडविरुद्ध त्याने चार इंटरसेप्शन दिली, तेव्हा ‘मला भुते दिसत आहेत’ असे तो बाकावर बसून म्हणाला आणि ते ध्वनिक्षेपकाने टिपले. बचावाने इतका गोंधळ घातला की नसलेले गडीही दिसू लागले, असा त्याचा अर्थ. त्यावरून लोकांनी त्याची वर्षानुवर्षे टर उडवली. हाच डार्नल्ड 2024 मध्ये मिनेसोटाकडून 35 टचडाउन देऊन 14 सामने जिंकला. मिनेसोटा हा त्याचा चौथा संघ होता.

क्वार्टरबॅक वारंवार सॅक होतो, यात दोष त्याचा की त्याच्या पुढच्या फळीचा?

त्याला जपणारी ही फळी कच्ची असेल तर कोणीही पडतो. 2002 मध्ये नव्यानेच स्थापन झालेल्या ह्यूस्टन टेक्सन्सकडून खेळताना डेव्हिड कार 76 वेळा सॅक झाला. हा विक्रम आहे. नवा संघ, नवी फळी आणि नवा क्वार्टरबॅक असा तो योग होता. तरीही सगळा दोष फळीवर ढकलणे बरोबर नाही. चेंडू किती वेळ हातात धरायचा हे क्वार्टरबॅकच्याच हाती असते. पेटन मॅनिंग त्या हरलेल्या पहिल्या हंगामात 575 पास टाकूनही केवळ 22 वेळा सॅक झाला. 28 इंटरसेप्शनच्या गदारोळात ही गोष्ट झाकली गेली. खरे तर त्याचे डोके बचावाच्या वेगाने चालते, हे तेव्हाच दिसत होते. 2024 मध्ये शिकागोचा केलेब विल्यम्स 68 वेळा सॅक झाला आणि त्याची इंटरसेप्शन मात्र फक्त 6 होती. त्यात फळीचे अपयश होतेच, पण पास हुकण्यापेक्षा पडलेले बरे, असा त्याचा हिशेबही अनेक प्रसंगी दिसत होता.

घरी बसून सामना पाहताना नेमके काय पाहावे?

चेंडू पाहू नये. निदान पहिली दोन सेकंदे तरी नाही.

चेंडू सुटण्याआधी तो हातवारे करून कोणाची जागा बदलतो का, हे पाहावे. सुरुवातीच्या आठवड्यांत हे प्रशिक्षक करतात आणि हळूहळू तो करू लागतो. त्यानंतर त्याची मान पाहावी. ती एकाच रिसीव्हरवर खिळली असेल तर बचावातील मागचा गडी त्याच्या नजरेचा माग काढत तेथे पोहोचतो. पहिला रिसीव्हर अडवला गेल्यावर नजर दुसऱ्याकडे आणि तिसऱ्याकडे जाते का, की लगेच पाय पळू लागतात, यावरून बरेच कळते. पळणे वाईट नाही, पण समोर कोणी नसतानाही जागा सोडून पळणारा तरुण मनातून घाबरलेला असतो.

पायांची ठेवणही पाहावी. बफेलोच्या जॉश ॲलनने 2018 च्या पहिल्या हंगामात केवळ 52.8 टक्के पास पूर्ण केले, तेव्हा अचूकता शिकवून येत नाही, असे बहुतेकांनी ठामपणे सांगितले. पाय, खांदा आणि हात यांचा मेळ त्याने वर्षानुवर्षे सुधारला. 2020 मध्ये स्टेफॉन डिग्ज हा उत्तम रिसीव्हरही संघात आला आणि ॲलनचा आकडा 69.2 टक्क्यांवर गेला. 2024 मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याच्या सुधारणेतील किती वाटा पायांचा आणि किती डिग्जचा, यावर बफेलोत आजही वाद घातला जातो.

नेहमीच्या प्रक्षेपणात मागचे बचावपटू चौकटीबाहेर असतात, त्यामुळे ‘त्याला मोकळा गडी दिसलाच नाही’ हा आरोप आपण बहुधा न पाहताच करतो. उंचावरून बाविसाही गडी दाखवणारे चित्रण लीगच्या सशुल्क सेवेवर मिळते. ते पाहिल्यानंतर आमची स्वतःची निम्मी मते बदलली, असे नमूद करावेसे वाटते.

नवख्याला लगेच खेळवावे की आधी बाकावर बसवावे?

पॅट्रिक माहोम्स 2017 मध्ये ॲलेक्स स्मिथच्या मागे बसला आणि फक्त हंगामाचा शेवटचा सामना खेळला. पुढच्या हंगामात त्याने 50 टचडाउन दिले. ॲरन रॉजर्स ब्रेट फार्वच्या मागे तीन वर्षे थांबला. म्हणून बसवणेच योग्य, असा निष्कर्ष लोक काढतात. पण या दोघांना बसवू शकणाऱ्या संघांकडे चांगला ज्येष्ठ क्वार्टरबॅक होता, आणि पहिल्या क्रमांकावर ड्राफ्ट करणाऱ्या संघाकडे बहुधा तो नसतो.

कॅरोलायनाच्या ब्राइस यंगचे प्रकरण या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखे आहे. त्याला पहिल्या क्रमांकावर घेण्यासाठी पँथर्सनी आपला सर्वोत्तम रिसीव्हर डी. जे. मूर आणि पुढचे अनेक क्रमांक शिकागोला देऊन टाकले. म्हणजे ज्याला पास टाकायचा तोच विकून पास टाकणारा आणला. 2023 मध्ये यंग 62 वेळा सॅक झाला, त्याने सुरुवात केलेल्या सोळापैकी दोनच सामने संघाने जिंकले आणि मुख्य प्रशिक्षक फ्रँक राईक यांना अकरा सामन्यांनंतरच काढण्यात आले. नवे प्रशिक्षक डेव्ह कनालेस आले. 2024 चे पहिले दोन सामने 47-10 आणि 26-3 असे गमावल्यावर यंगला बाकावर बसवून अँडी डाल्टनला आणले. डाल्टनने पहिलाच सामना 36-22 असा जिंकून दिला, तेव्हा यंगचे नाव बहुतेकांनी मिटवून टाकले. मोटार अपघातात डाल्टनच्या अंगठ्याला दुखापत झाली म्हणून ऑक्टोबरअखेर यंग परत आला, आणि परतलेला यंग वेगळा होता. तो लांबचे पास बेधडक टाकू लागला. अटलांटाविरुद्धच्या अखेरच्या सामन्यात पास आणि धाव मिळून पाच टचडाउन त्याच्या नावे लागले आणि संघ जादा वेळेत 44-38 असा जिंकला. पाच आठवडे बाजूला उभे राहून खेळ संथ दिसू लागतो, असे अनेक क्वार्टरबॅक सांगतात. यंगच्या बाबतीत तसे झाले असावे, असे आमचे मत आहे. मात्र तो परतला तो प्रशिक्षकाच्या योजनेने नव्हे, एका अपघाताने, हेही विसरता येत नाही.

मत बनवण्यासाठी किती सामने पाहावेत?

पहिल्या चार सामन्यांत केवळ सवयी पाहाव्यात. त्यानंतर प्रतिस्पर्ध्यांकडे त्याच्या खेळाचे पुरेसे चित्रण जमते, आणि त्याला काय जमत नाही हे शोधून ते त्याला तेच करायला लावतात. आठव्या ते बाराव्या सामन्यांच्या दरम्यान तो या उत्तराला कोणते प्रत्युत्तर देतो, ते पाहावे. निर्णय मात्र दुसरा हंगाम पाहिल्याशिवाय देऊ नये.

चांगल्या सुरुवातीलाही हेच लागू आहे. रॉबर्ट ग्रिफिनने 2012 मध्ये न्यू ऑर्लिन्सविरुद्धचा आपला पहिलाच सामना 40-32 असा जिंकला, हंगामात 20 टचडाउनमागे केवळ 5 इंटरसेप्शन दिली आणि सर्वोत्तम नवख्या आक्रमकाचा मान मिळवला. जानेवारी 2013 मध्ये त्याचा गुडघा गेला आणि तो खेळ पुन्हा कधीच दिसला नाही. ह्यूस्टनचा सी. जे. स्ट्राउड 2023 मध्ये 23 टचडाउन आणि 5 इंटरसेप्शन अशा थाटात खेळला. टँपा बेविरुद्ध त्याने एका सामन्यात 470 यार्डांचा नवख्यांचा विक्रम केला. दुसऱ्या वर्षी पुढची फळी ढासळली, तो 52 वेळा सॅक झाला आणि इंटरसेप्शन 12 झाली.

संघांना मात्र आपल्याइतकी उसंत नसते. 2011 च्या करारानुसार नवख्याचा करार चार वर्षांचा असतो, आणि पहिल्या फेरीत निवडलेल्याचे पाचवे वर्ष पक्के करायचे की नाही, हे तिसऱ्या हंगामानंतर ठरवावे लागते. चाहत्यांची घाई समजण्यासारखी आहे ती यामुळेच.

क्रिकेटमधील नवोदित फलंदाजाप्रमाणे याचे मूल्यमापन का करू नये?

फलंदाजाची विकेट मुख्यतः त्याची स्वतःची असते. क्वार्टरबॅकचा पास यशस्वी होण्यासाठी आणखी दहा जणांनी आपापले काम करावे लागते, आणि खेळाची योजना आखणारा अकरावा बाजूला उभा असतो. जॅरेड गॉफ 2016 मध्ये पहिले सातही सामने हरला. प्रशिक्षक बदलून शॉन मॅकव्हे आल्यावर पुढच्या वर्षी त्याने 15 पैकी 11 सामने जिंकले. मधल्या काही महिन्यांत त्याचा हात बदलला नव्हता.

स्वतःच्या संघाच्या तरुणाची हुर्यो उडवणे योग्य आहे का?

तिकिटाचे पैसे मोजणाऱ्याला तो हक्क आहे. फक्त 1999 च्या ड्राफ्टमध्ये फिलाडेल्फियाच्या चाहत्यांनी डॉनोव्हन मॅकनॅबची हुर्यो उडवली तेव्हा त्याने एकही पास टाकलेला नव्हता, एवढे ध्यानात ठेवावे. त्यांना रिकी विल्यम्स हा धावणारा गडी हवा होता. मॅकनॅबने पुढे त्यांचा संघ सुपर बोलपर्यंत नेला.

भारतातून संपूर्ण सामना पाहणे कठीण जाते. दहा मिनिटांची क्षणचित्रे पुरतील का?

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रविवारी दुपारी एकला सुरू होणारा सामना भारतात रात्री साडेदहाला दिसतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तेथील घड्याळे मागे गेली की साडेअकराला. सोमवारी कामावर जायचे असल्यास पूर्ण सामना झेपत नाही, हे खरे आहे. परंतु क्षणचित्रांत टचडाउन आणि इंटरसेप्शन एवढेच येते. धोका ओळखून बाहेर फेकून दिलेला पास, तिसऱ्या प्रयत्नात मिळवलेले साधे सात यार्ड किंवा दुसऱ्या रिसीव्हरकडे वेळेवर वळलेली मान त्यांत कधीच येत नाही. जागरण शक्य नसेल तर सोमवारी संध्याकाळी सामन्याचे चित्रमुद्रण लावून केवळ तिसरे प्रयत्न सलग पाहावेत. साधारण पंधरा-वीस मिनिटांत ते पाहून होतात.